चिनी पोलोचित्रे

चिनी पोलोचित्रे : घोड्यावर बसून लांब दांड्याच्या काठीने चेंडू टोलविण्याच्या खेळाचे चित्रण करणाऱ्या चिनी कलाकृती. थडग्यांतील भित्तिचित्रे, रेशमावरील व कागदावरील गुंडाळीचित्रे, भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि ब्राँझचे आरसे यांचा त्यांत समावेश होतो. हा खेळ चीनमध्ये तांग वंशाच्या काळात (६१८–९०७) भरभराटीस आला, सुंग, ल्याओ व चिन या राजवटींत टिकून राहिला आणि मिंग काळानंतर (१३६८–१६४४) बहुतांशी लुप्त झाला. दरबारात वा सैन्यात त्याची अखंड परंपरा उरली नाही. त्यामुळे तो कसा खेळला जाई, कोण खेळत, घोडे व साधने कशी असत, यांविषयीची माहिती मुख्यत्वे या कलाकृतींवरून आणि त्यांना पूरक अशा लेखी नोंदींवरून मिळते. या चित्रांचे महत्त्व म्हणूनच दुहेरी आहे : ती कलाकृती आहेत आणि नष्ट झालेल्या एका खेळाचा पुरावाही आहेत.

नावे व उगम : चिनी भाषेत या खेळास ‘ची-ज्यू’, ‘ता-छ्यू’ (चेंडू मारणे) अथवा ‘मा-छ्यू’ (अश्वकंदुक) अशी नावे आहेत. त्याच्या उगमाविषयी अभ्यासकांत तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तो इराणातून मध्य आशियामार्गे चीनमध्ये आला. दुसऱ्या मतानुसार त्याचा उगम तिबेटात झाला. तर तिसऱ्या मतानुसार तो मूळचा चिनीच आहे. तिसऱ्या मताचे समर्थक त्साओ ची (१९२–२३२) या कवीच्या एका काव्यातील ‘ची-ज्यू’ या शब्दाचा आधार देतात. परंतु तेथे अभिप्रेत असलेला खेळ घोड्यावरचा की पायी खेळण्याचा, हे शब्दावरून ठरत नाही. चीनमध्ये पायाने खेळावयाचा ‘त्सू-ज्यू’ हा चेंडूचा खेळ फार पूर्वीपासून प्रचलित होता, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. ‘पोलो’ हे आजचे आंतरराष्ट्रीय नाव चेंडू या अर्थाच्या बाल्टी भाषेतील ‘पुलू’ या शब्दावरून आले असून तिबेटीतही त्याच्याशी मिळताजुळता शब्द आहे. याच खेळाचे इराणी रूप ‘चौगान’ या नावाने भारतात आले. दिल्लीचा सुलतान कुत्बुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोर येथे चौगान खेळताना घोड्यावरून पडून मरण पावला. मणिपूरमधील ‘सगोल कांगजेई’ हाही याच कुळातील खेळ होय [⟶ पोलो].

खेळाचे स्वरूप : चिन घराण्याच्या (१११५–१२३४) चौदाव्या शतकात संकलित झालेल्या अधिकृत इतिहासात या खेळाचे बरेच नेमके वर्णन आलेले आहे. खेळाडूंचे दोन पक्ष पाडले जात. प्रत्येक जण सवयीच्या घोड्यावर स्वार होई. त्याच्या हातातील काठी काही फूट लांब असून तिचे टोक चंद्रकोरीप्रमाणे वळलेले असे. हलक्या व चिवट लाकडाचा, आतून पोकळ केलेला, मुठीएवढा चेंडू वापरीत व तो तांबडा रंगवीत. लक्ष्य दोन प्रकारचे असे. एका प्रकारात मैदानाच्या एकाच बाजूस दोन खांब रोवून त्यांना फळी जोडीत, फळीच्या तळाशी भोक ठेवून त्यामागे जाळीची पिशवी बांधीत आणि जो पक्ष चेंडू हिसकावून पिशवीत घालील तो विजयी ठरे. दुसऱ्या प्रकारात मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक दार असे आणि प्रत्येक पक्ष आपल्या दाराचे रक्षण करी. आधुनिक पोलोशी साम्य आहे ते या दुसऱ्या प्रकाराचे. चित्रांतील काठ्यांची वळलेली टोके या वर्णनाशी तंतोतंत जुळतात. आधुनिक पोलोच्या काठीला टोकाशी आडवा ठोकळा असतो. चिनी काठी मात्र हॉकीच्या काठीसारखी दिसते.

तांग दरबारातील स्थान : तांग राज्याचे सामर्थ्य घोडदळावर उभे होते. राजवटीच्या आरंभी सरकारी पागांत सुमारे ५,००० घोडे होते. सातव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या ७,०६,००० पर्यंत वाढल्याची नोंद आहे. मध्य आशियातील उमद्या जातींचे घोडे, पश्चिमेकडील व्यापारी मार्गांवरून येणाऱ्या लोकांशी वाढता संपर्क आणि घोडेस्वारीस प्रतिष्ठा देणारा सरदारवर्ग, या तिन्हींच्या संयोगातून पोलोला अनुकूल भूमी लाभली. आठव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास फंग यान या लेखकाने लिहून ठेवलेल्या टिपणांत या खेळाविषयी दोन बोधप्रद हकीकती आहेत. पहिली सम्राट ताइत्सुंग (कार. ६२६–६४९) याच्यासंबंधीची आहे. पश्चिमेकडील लोकांना हा खेळ आवडतो असे ऐकून त्याने तो शिकण्यास सांगितले व एकदा पाहिलाही. पुढे आपण पाहावे म्हणून परदेशी लोक मुद्दाम राजवाड्याच्या दारापुढे खेळत आहेत, हे ध्यानात येताच राजाची आवड किती सहज हेरली जाते याची जाणीव त्याला झाली आणि स्वतःस धडा म्हणून त्याने चेंडू जाळून टाकला.

दुसरी हकीकत चुंगत्सुंग (कार. ७०५–७१०) याच्या काळातील आहे. तिबेटच्या राजाशी विवाह ठरलेल्या चिनछंग या राजकन्येस नेण्यासाठी ७०९ मध्ये तिबेटी शिष्टमंडळ राजधानी छांगआन (सध्याचे शीआन) येथे आले. त्यातील खेळाडूंनी दरबारच्या खेळाडूंना लागोपाठ हरविले. तेव्हा राजपुत्र ली लुंगची, राजघराण्यातील ली युंग आणि दोन राजजामात अशा चौघांना दहा तिबेटी खेळाडूंविरुद्ध उतरविण्यात आले व त्यांनी सामना जिंकला. हाच ली लुंगची पुढे सम्राट श्वानत्सुंग (कार. ७१२–७५६) म्हणून प्रसिद्धीस आला. दोन राज्यांच्या संबंधांत हा खेळ प्रतिष्ठेचा विषय कसा बनत असे, हे या प्रसंगावरून दिसून येते.

मैदानांवर अमाप खर्च होई. धूळ उडू नये व जमीन गुळगुळीत व्हावी म्हणून काही सरदारांनी मैदानावर तेल शिंपडविल्याचा उल्लेख इतिहासग्रंथांत आहे. छांगआन येथील तामिंग प्रासादाच्या अवशेषांत १९५६ मध्ये सापडलेल्या एका शिलालेखात हानक्वांग नावाचे दालन व चेंडूचे मैदान ८३१ मध्ये बांधल्याचे नमूद केलेले आहे. इमारतीबरोबर मैदानाचाही पायाभरणीच्या लेखात निर्देश व्हावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

भित्तिचित्रे : चिनी पोलोचित्रांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र शान्शी प्रांतातील च्येनलिंग या राजसमाधीच्या परिसरात असलेल्या राजपुत्र चांगह्वाय याच्या थडग्यात सापडले. चांगह्वाय म्हणजे सम्राट गाओत्सुंग व सम्राज्ञी वू त्सत्येन यांचा पुत्र ली श्येन. ६८० मध्ये त्याचे युवराजपद काढून घेण्यात आले, पुढे त्याला हद्दपार करण्यात आले आणि ६८४ मध्ये त्याला आत्महत्या करण्यास भाग पाडण्यात आले. वू त्सत्येनच्या सत्तेचा अंत झाल्यावर त्याचा भाऊ चुंगत्सुंग याने ७०६ मध्ये त्याचे अवशेष आणवून राजपुत्रास साजेशा इतमामाने त्यांचे दफन केले. ७११ मध्ये त्याला ‘चांगह्वाय’ ही मरणोत्तर पदवी मिळाली. १९७१-७२ मध्ये या थडग्याचे उत्खनन झाले.

थडग्यात खाली उतरणाऱ्या मार्गाच्या पश्चिम भिंतीवर पोलोचा खेळ आणि समोरच्या पूर्व भिंतीवर शिकारीस निघालेला लवाजमा अशी योजना आहे. पोलोच्या दृश्यात वीसहून अधिक घोडेस्वार आहेत. पुढच्या भागात काही खेळाडू चेंडूभोवती एकवटले असून त्यांतील आघाडीचा स्वार भरधाव घोड्यावरून मागे वळून काठी उगारत आहे. बाकीचे त्याच्या रोखाने घोडे वळवीत आहेत. मागच्या बाजूस टेकड्या व विरळ झाडे दाखविली असून काही स्वार तिकडून येताना दिसतात. खेळाडूंनी गोल गळ्याचे अंगरखे, काळे उंच बूट व डोक्यास काळे शिरोवस्त्र घातले आहे. दोन पक्षांचे अंगरखे वेगवेगळ्या रंगांचे आहेत. घोड्यांच्या शेपट्या गाठ मारून आखूड केल्या आहेत. काठी शेपटीत अडकू नये हा त्यामागील हेतू. आजच्या पोलोतही शेपट्या बांधण्याची प्रथा आहे. अशा बारकाव्यांमुळे चित्रकाराने खेळ प्रत्यक्ष पाहिला असावा, असे अनुमान काढता येते.

तांग भित्तिचित्रांची पद्धत साधारणतः अशी : भिंतीवर काडमिश्रित चिखलाचा थर देऊन त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवीत, नंतर शाईच्या रेषांनी आकृती काढून त्यांत रंग भरीत. या चित्रातही सगळा भर रेषेवर आहे. घोड्यांच्या मांसल देहाचा भरीवपणा छायाप्रकाशाने नव्हे, तर कमीअधिक जाडीच्या सलग रेषांनी साधलेला आहे. स्वारांमध्ये मोकळ्या जागा ठेवल्यामुळे वेगाचा आभास निर्माण होतो. अननुकूल परिस्थितीत मृत्यू आलेल्या राजपुत्राच्या चिरनिवासात त्याच्या भावाच्या दरबारात ऐन भरात असलेला खेळ रंगविला जावा, यास केवळ करमणुकीचा अर्थ नाही. हिरावलेली राजप्रतिष्ठा परत दिल्याची ती दृश्य ग्वाही आहे. हे चित्र भिंतीवरून तुकड्यांत अलग करून जतन करण्यात आले असून ते शीआन येथील शान्शी इतिहास संग्रहालयात आहे.

याच प्रांतात फूफिंग येथे २००४ मध्ये उत्खनन झालेल्या ली युंगच्या (मृ. ७२७) थडग्यातही पोलोचे भित्तिचित्र मिळाले. तिबेटी खेळाडूंविरुद्धच्या सामन्यात उतरलेल्या चौघांपैकी हा एक. लेखी नोंदीत ज्याचे खेळाडू म्हणून नाव येते, त्याच्याच थडग्यात त्या खेळाचे चित्र आढळावे, असा मेळ दुर्मिळ होय.

मूर्ती व आरसे : थडग्यांत ठेवण्यासाठी केलेल्या मातीच्या मूर्तींत पोलो खेळणाऱ्या स्वारांचे अनेक नमुने आहेत. काहींत घोडा चारही पाय ताणून पोटाच्या आधाराने जणू हवेत तरंगताना दाखविला असून स्वार एका बाजूस झुकलेला आहे. शिन्जियांगमधील तुर्फानजवळच्या आस्ताना दफनभूमीतही अशी रंगीत मूर्ती मिळाली आहे. पॅरिस येथील गीमे संग्रहालय व अमेरिकेतील कॅन्झस सिटी येथील नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालय यांच्या संग्रहांतील मूर्ती उल्लेखनीय आहेत. या मूर्तींच्या हातांतील काठ्या नाशवंत पदार्थांच्या असल्याने बहुधा नष्ट झाल्या आहेत. म्हणून मूर्ती खेळाडूची की साध्या स्वाराची, हे हाताच्या व शरीराच्या ठेवणीवरूनच ठरवावे लागते. यांगझोऊ येथे सापडलेल्या पाकळीदार कडांच्या ब्राँझ आरशाच्या पाठीवर चार पोलोपटू कोरलेले असून त्यांच्यामध्ये फुलांच्या आकृती आहेत. खेळ रोजच्या वापराच्या वस्तूंवरील सजावटीपर्यंत पोहोचला होता, हे त्यावरून कळते.

स्त्रिया व गाढवावरील पोलो : मूर्तींपैकी बऱ्याच स्त्रियांच्या आहेत. तांग दरबारातील स्त्रिया घोडेस्वारी करीत व पोलोही खेळत. दहाव्या शतकातील शू राज्याच्या दरबारातील ह्वारुई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवयित्रीच्या अंतःपुरकाव्यांतही राजवाड्यातील स्त्रिया हा खेळ शिकत असल्याचे वर्णन येते. घोड्यापेक्षा बुटक्या व शांत गाढवांवरूनही तो खेळला जाई. शीआन येथील छ्वेइ शिर या ८७८ मध्ये निवर्तलेल्या सरदारस्त्रीच्या थडग्यात गाढवांची हाडे मिळाली. ही गाढवे ओझी वाहणारी नसून वारंवार वेग घेणारी व वळणारी होती, असा निष्कर्ष हाडांच्या परीक्षणावरून अभ्यासकांनी २०२० मध्ये मांडला आणि त्यांचा संबंध पोलोशी जोडला. तिच्या पतीस पोलोतील नैपुण्यामुळे सेनापतिपद मिळाले होते. उत्तर सुंग राजधानी खायफंगच्या आठवणी सांगणाऱ्या बाराव्या शतकातील ग्रंथातही गाढवावरच्या व घोड्यावरच्या खेळांचे निरनिराळे प्रयोग वर्णिले आहेत.

टीका : खेळ धोक्याचा होता आणि त्याची राजकीय किंमतही मोठी होती. विख्यात गद्यलेखक हान यू (७६८–८२४) याने ७९९ च्या सुमारास आपला वरिष्ठ अधिकारी चांग च्येनफंग यास पत्र लिहून स्वार व घोडा या दोघांच्याही शरीरास यापासून अपाय होतो, असे बजावले. चांगने सैनिकी सरावाचे कारण पुढे करून काव्यातून उत्तर दिले व खेळ सोडला नाही. ८२२ मध्ये राजवाड्यातील खेळात एक खोजा घोड्यावरून पडला. त्या धक्क्याने सम्राट मूत्सुंग आजारी पडला व ८२४ मध्ये मरण पावला. त्याचा पुत्र चिंगत्सुंग खेळाच्या नादात राज्यकारभार विसरला आणि खोजे व पोलोचे सोबती यांच्याबरोबरच्या मेजवानीनंतर त्याचा खून झाला. शीत्सुंग (कार. ८७३–८८८) याने, पोलोची परीक्षा असती तर आपण पहिले आलो असतो, अशी बढाई मारली; तेव्हा प्राचीन आदर्श राजे परीक्षक असते, तर महाराजांना नापास करण्यात आले असते, असे त्याच्या विदूषकाने सुनावले. याच सम्राटाने ८८० मध्ये तीन प्रांतांची अधिकारपदे चार उमेदवारांत सामना लावून वाटली. पहिला चेंडू मारणाऱ्या छन चिंगश्वान यास पश्चिम सेचवान मिळाले. पुढच्याच वर्षी ह्वांग छाओच्या बंडामुळे राजधानी सोडून खुद्द सम्राटाला त्याच प्रदेशात आश्रय घ्यावा लागला. कनफ्यूशसप्रणीत इतिहासकारांनी या घटना राज्याच्या ऱ्हासाची लक्षणे म्हणून नोंदविल्या. त्यामुळे तांग पोलोविषयीच्या लेखी साधनांत उपदेशाचा सूर अधिक आहे, तर चित्रांत व मूर्तींत खेळाचा निखळ आनंद दिसतो. दोन्ही साधने एकत्र वाचल्याशिवाय यथार्थ चित्र हाती येत नाही.

उत्तरकालीन चित्रे : सुंग काळात (९६०–१२७९) दरबारी पोलोस विधीचे स्वरूप आले. वाद्ये, ध्वज व मानक्रम यांचे नियम ठरले आणि खेळातील उत्स्फूर्तता कमी झाली. उत्तरेकडील कुरणे परकीय राज्यांच्या ताब्यात असल्याने सुंग राज्यास घोड्यांची सततची टंचाई होती, हे खेळ आटण्याचे एक मुख्य कारण होय. उलट उत्तरेत खितान लोकांच्या ल्याओ राज्यात (९१६–११२५) व ज्युर्चेन लोकांच्या चिन राज्यात तो जोमाने चालू होता. जिंकलेल्या बोहाय लोकांना खेळण्यास ल्याओ राज्यकर्त्यांनी केलेली मनाई १०३८ च्या सुमारास एका अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून उठविण्यात आली. पोलोवाचून त्या भागात युद्धाचा सराव कसा होणार, असा त्याचा युक्तिवाद होता.

याच काळापासून चित्रकारांच्या दृष्टीत बदल झालेला आढळतो. तांग चित्रकाराने समकालीन खेळ रंगविला. सुंग व त्यानंतरच्या चित्रकारांनी गतकालीन खेळ आठवणीतून रंगविला. सम्राट श्वानत्सुंग (ऊर्फ मिंगह्वांग) पोलो खेळत आहे, हा विषय रूढ झाला. ल्याओनिंग प्रांतीय संग्रहालयातील या विषयाचे गुंडाळीचित्र रंग न वापरता केवळ शाईच्या रेषांनी काढलेले आहे. ७५५ च्या आन लूशानच्या बंडाने ज्याचे वैभव संपुष्टात आणले, त्या राजाचा विलास दाखविताना आठवण आणि इशारा हे दोन्ही हेतू साधत. मिंग काळात सम्राट श्वानद (कार. १४२५–३५) याच्या करमणुकींचे चित्रण करणाऱ्या, पीकिंगच्या राजप्रासाद संग्रहालयातील गुंडाळीचित्रात तिरंदाजी, पायचेंडू इत्यादींबरोबर पोलोही आहे, मात्र तेथे सम्राट प्रेक्षक आहे. छिंग काळात (१६४४–१९११) हा विषय मागे पडला.

चौकटीतील चित्रे व प्रतिकृती : चिनी परंपरेत चित्र कायम भिंतीवर लावून ठेवण्याची पद्धत नव्हती. आडवे गुंडाळीचित्र हातभर उलगडून क्रमाने पाहत. उभे चित्र प्रसंगी टांगून पुन्हा गुंडाळून ठेवीत. उजेडाने रेशीम जीर्ण होते व रंग फिकट पडतात, हेही त्याचे एक कारण होते. काच व लाकडी चौकट यांचा प्रसार अठराव्या शतकापासून कँटनमधील निर्यातव्यापारामुळे आणि पुढे विसाव्या शतकात पाश्चात्त्य गृहसजावटीच्या अनुकरणाने झाला. चौकटीत बसविलेली पोलोची जी चिनी चित्रे घरोघरी व जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसतात, ती बहुधा विसाव्या शतकातील सजावटी चित्रे असतात. चांगह्वायच्या थडग्यातील चित्राच्या शोधानंतर त्यावर आधारलेल्या हाताने काढलेल्या व छापील प्रतिकृती कागदावर व रेशमावर मोठ्या प्रमाणात तयार झाल्या.

अशा चित्राचे मूल्यमापन करताना प्रथम विषयाची खात्री करावी लागते. वळलेल्या टोकाची काठी व चेंडू नसल्यास दृश्य शिकारीचे वा मिरवणुकीचे असण्याचा संभव असतो. नंतर भिंगाखाली रेषा पाहावी : कुंचल्याच्या रेषेत शाईचा कमीअधिक दाब दिसतो, तर छपाईत ठिपक्यांची जाळी आढळते. पिवळट रंग वा जुनी चौकट हे प्राचीनत्वाचे प्रमाण नव्हे, कारण दोन्ही गोष्टी कृत्रिमपणे साधता येतात. तांग शैलीच्या मूर्तींचीही पुष्कळ बनावट निर्मिती झाली असून त्यांच्या परीक्षणासाठी तापदीप्ती कालमापनाची मदत घेतात. प्रतिकृती असणे हा मात्र चित्राचा दोष नाही. चिनी कलापरंपरेत पूर्वसूरींच्या कृतींची नक्कल हे अध्ययनाचे व जतनाचे मान्य साधन असून अनेक नष्ट चित्रांची रचना नकलांमुळेच ज्ञात आहे. दोष उद्भवतो तो नक्कल मूळ म्हणून विकली जाते तेव्हा.

चीनमध्ये हा खेळ सर्वस्वी नामशेष झाला, असे मात्र म्हणता येत नाही. पामीरच्या पठारावरील ताश्कुर्गान येथील ताजिक लोकांत तो लोकपरंपरेने चालत आला असून २००८ मध्ये त्याचा चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या सूचीत समावेश करण्यात आला. राजप्रासादातून गेलेला खेळ अशा प्रकारे सीमेवरील डोंगराळ मुलखात टिकला. छांगआनच्या मैदानांवरील त्याचे रूप मात्र थडग्यांच्या भिंतींनीच राखून ठेवले आहे.